बेसनाचा रिपोर्ट

९ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून ही वही. सूनबाईंचा हुकूम आहे. काल माझं बीपी मोजून झालं आणि घरी आल्यावर पल्लवीने जाहीर केलं, "बाबा, आता चिडाचं असन तं वहीत चिडा. आमच्यावर नाही." मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं पंप चालवला. रोज लॉगबुक भरलं. पंप सुरू, पंप बंद, व्हॉल्व्ह गळतो, साहेबांना कळवले, साहेब ऐकत नाहीत. तेव्हा वहीत चिडायची मला चांगली सवय आहे. निवृत्त होताना एक कोरं रजिस्टर उचलून आणलं होतं, ते कामी आलं.

आजची तक्रार अशी. सकाळी प्रज्ञा आली. ही आमच्या वॉर्डाची आरोग्यवाली, माझ्या बायकोच्या, वत्सलाच्या माहेरची, नात्याने तिची भाची. तिने बोटाएवढी एक बाटली माझ्या हातात ठेवली. झाकणाला आतून काडी. म्हणे पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांची आतड्याच्या कॅन्सरची जांच आहे, सकाळच्या संडासला ही काडी लावायची, बाटलीत बुडवायची, झाकण घट्ट करायचं आणि तिला द्यायची. रेशन कार्डाची झेरॉक्स मागावी तसं बोलत होती. बाटल्या कमी आल्या म्हणून घरटी एकच, आणि ती समग्र आयडीत, म्हणजे सरकारच्या कुटुंब-नोंदीत, जो मुखिया असेल त्याच्या नावाची. मी म्हटलं, मुखिया मी फक्त कागदावर आहे, खरा मुखिया तुझी आत्या.

वत्सला लगेच म्हणाली, "मलेही दे नं एक."

"आत्या, पुढच्या खेपेला."

फुकट म्हटलं की या बाईला सगळंच पाहिजे. संडासची बाटलीसुद्धा सोडत नाही.

आणि संडासवरून आठवलं. या घरात सकाळी संडास रिकामं मिळेल तर शपथ. वत्सला एकदा आत गेली की अर्धा तास. बाहेर मी बादली घेऊन उभा. आवाज दिला तर म्हणते, "बद्धकोष्ठ हाय." दोन महिने झाले इसबगोल खाऊन राहिली, गुण काही नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

काल दिवसभर बाटली संडासच्या खिडकीत उभी होती आणि दिवसभर प्रत्येकजण मला विचारत होता. वत्सला, "दिली का?" पल्लवी, "बाबा, झालं का?" पोरगा रोशन ड्युटीवरून फोन करून, "बाबा, तेवढं करून टाका." एकसष्ट वर्षांत माझ्या संडासला इतका मान मिळाला नव्हता.

मी ते करणार नव्हतो आणि केलं नाही. आज सकाळी सगळे इकडेतिकडे असताना चमचाभर बेसन घेतलं, त्यात चहाचं पाणी घातलं, रंग जमेपर्यंत कालवलं. काडीला नीट लावलं, बाटलीत बुडवलं. काम झालं. कोणतंच सरकारी काम मी इतक्या मनापासून केलं नव्हतं.

वत्सलाच्या हातात बाटली देऊन म्हटलं, घे, झालं तुझ्या भाचीचं. तिने ती उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं बेसन भिजवणाऱ्या बाईपुढे मी जरा घाबरलोच होतो, पण ती काही बोलली नाही. बाटली न्यायला आलेली प्रज्ञा दारात ताटकळत उभी, आणि ही बाटली घेऊन परत संडासात. पंधरा मिनिटांनी बाहेर आली. म्हणे बाहेरून धुऊन घेतली. बाटली धुवायला पंधरा मिनिटं!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

बेसन पॉझिटिव्ह!

प्रज्ञा हळू आवाजात सांगत होती, फुफाजी, घाबरू नका, रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही, पण आता दुर्बिणीने आतून पाहावं लागेल. पल्लवीने तोंडावर पदर धरला. रोशनचा चेहरा उतरला. आणि मी तिथे बसून विचार करतोय की हरभऱ्याच्या डाळीत रक्त कुठून येईल. या देशात पाण्याचे नमुने कसे तपासतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आश्चर्य नाही, पण संताप आहे. कोणाची तरी बाटली कोणाच्या तरी नावावर गेली असणार. नाहीतर न पाहताच शिक्का मारला असणार.

आणि हे मी कोणाला सांगू? सांगितलं तर सून म्हणेल, सगळे तुमच्यासाठी जीव टाकून राहिले आणि तुम्ही बेसन भरलं? प्रज्ञाची तर नोकरीच आहे ती, ती वर कळवणार. गप्प बसलो.

वत्सला मात्र पांढरीफटक पडली. भिंतीला टेकून खालीच बसली. तिला इतकी काळजी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. जरा बरंही वाटलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

जायचं ठरलं. सौंसरला एका दवाखान्यात एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी नागपूरहून दुर्बिणीचा डॉक्टर येतो. रोशनने सत्तावीस तारखेचा नंबर लावला. मी तीन वेळा नाही म्हटलं. सगळ्यात जास्त मागे लागली ती वत्सला. एरवी मी दातदुखीने तळमळलो तरी "लवंग ठेवा" म्हणणारी बाई. "जा तुमी. जाऊन तं पाहा काय करते ते." रोज एकच.

बेसनाच्या पापाची शिक्षा मला. जातो बापा, जातो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या जायचं, म्हणून आज पोट साफ. कालपासून भाकर बंद, भाजी बंद, नुसता पातळ वरणाचा पाणीदार भाग आणि मऊ भात. आज तेही बंद. दुपारपासून दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर. चव म्हणजे ब्लीचिंगचा ड्रम धुतलेलं पाणी आणि वरून लिंबू. पहिल्या तीन ग्लासांना काही नाही. चौथ्यानंतर मी या घरातला संडास कायमचा ताब्यात घेतला. एकतीस वर्षं गावाची मेन लाइन फ्लश केली, आज माझी झाली.

वत्सला जवळ बसून ग्लास भरून देत होती आणि तोंड चालूच. "पोटात कळ येते का? चक्कर तं नाही येत? किती खेपा झाल्या? बाईमाणसाले इतकंच पाणी पेवा लागत असन का कमी?"

मी म्हटलं, "तुला काय परीक्षेला बसायचं आहे? नोट्स काढून राहिली जशी."

उठून भांडी घासायला गेली, जी आधीच घासलेली होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

झालं. घरी आहे. खरं तेच लिहितो, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

रोशनने मित्राची गाडी आणली होती. शनिवार असल्यामुळे जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला जाणाऱ्यांची ही गर्दी. पोट रिकामं, रस्ता जाम, आणि मला परत लागली तर काय, ही धास्ती. वत्सला आली नाही. कंबर दुखते म्हणे.

दवाखान्यात वैशाली म्हणून सिस्टर होती. मला वाटलं होतं, आल्याबरोबर म्हणेल काढा कपडे. तिने आधी चादर दिली, मग मागून उघडी असलेली एक पँट दिली, पडदा ओढला आणि स्वतः बाहेर गेली. परत येताना विचारून आली. कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि लागेल तेवढाच भाग सोडून बाकी सगळं झाकून टाकलं. दार बंद. आत लागतील तेवढीच माणसं. मग कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, दुखलं तर हात वर करा. डॉक्टर थांबतील. नाही थांबले तर मी थांबवीन." अशी सिस्टर पाणीपुरवठ्यात असती तर गावाला चोवीस तास पाणी मिळालं असतं.

हाताला सुई लागली तेवढी आठवते. मग एकदम ती मला हलवत होती. मी म्हटलं, सुरू करा. ती म्हणाली, झालं बाबा, तुम्ही घोरत होते. पोटात थोडा गॅस, तोही तिथेच सोडायचा म्हणे, लाजू नका. चहा-बिस्किट दिलं.

डॉक्टर म्हणाले, आतून एकदम साफ, मूळव्याधसुद्धा नाही, मग ते रक्त कुठून आलं कळत नाही. मला कळत होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी दादारावच्या टपरीवर गेलो. पोळ्याची गोटमार, म्हणजे नदीवरची दगडफेक, होऊन महिना झाला तरी तिथे विषय तोच. कोणाला किती टाके, कोणाच्या गुडघ्यात अजून गोट्याचा तुकडा. गुणवंता कपाळावरची जुनी खोक बोटाने दाखवत होता. त्याची ती खोक मी पन्नास वर्षं पाहतोय. माझा बाप पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला घरात कोंडून ठेवायचा. म्हणायचा, नदीत उभं राहून गोटे खायला नाही, पुस्तक वाचायला जन्मला तू. बरोबरच होतं त्याचं. त्यामुळेच नोकरी लागली. पण टपरीवर दाखवायला माझ्याजवळ एक ओरखडा नाही, हेही खरंच.

मला विचारलं, काय झालं सौंसरले. मी म्हणणार होतो, काही नाही. तेवढ्यात गुणवंता बोलला, "त्यात काय बे दुखते. आमच्या कपाळातून गोटा काढला होता, बिना सुईचा."

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, माझंही बिना सुईचंच. सहा फुटी नळी, आमच्या दीड इंची पाइपाएवढी जाड. चार जणांनी हातपाय धरले. दोनदा बेशुद्ध झालो, दोनदा पाणी मारून उठवलं, पण मी हूं की चूं केलं नाही. दादारावने चहाचे पैसे घेतले नाहीत. गुणवंता शेवटी म्हणाला, "मानलं बुवा शालिकराम."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा म्हणाला.

३० सप्टेंबर, मंगळवार

गोष्ट गावभर झाली. लोक घरी यायला लागले. आज गुणवंता आणि त्याची बायको लीलाबाई आले होते. लीलाबाईने विचारलं म्हणून परत सांगितली. सांगता सांगता दोघं वाढले, आता धरणारे सहा झाले. वत्सला चहा घेऊन उंबरठ्यात उभी होती. बशीत चहा सांडला. मी तिला म्हटलं, नीट धर.

ती म्हणाली, "अजी, खरंच धरून ठेवते?"

लीलाबाई समोर बसलेली. आता काय सांगणार? म्हटलं, खरंच.

"अना कपडे?"

"कसले कपडे? माणूस म्हणून पाहतच नाही ते. जनावरासारखं काम."

हे मी का बोललो मला माहीत नाही. वैशाली सिस्टरने ऐकलं असतं तर मला चपलेने मारलं असतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दसरा. नागपूरला दीक्षाभूमीला जाऊन आलो. पाय मोडले. रात्रीपासूनची गर्दी, पाण्याच्या टाकीवर रांग, आणि पोरं चालताना मोबाइल पाहतात. पण ते लिहायचं नाही. लिहायचं हे की वत्सला आली नाही. लग्नानंतर एक वर्ष चुकवलं नाही तिने. रोशन पोटात होता तेव्हासुद्धा आली होती. काल स्वतः पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून घडी ठेवली. पहाटे सगळे निघालो तर ही जुनी गडद कत्थी साडी नेसून बसलेली. "तुमी जा. इतका येळ बसनं नाही होत." पल्लवी म्हणाली, "आई, निदान साडी तं नेसा, इथंच बुद्धविहारात जा." तर म्हणते, पांढरी नको.

इस्त्री करायची आणि नेसायची नाही. बायकांचं कोणी समजून सांगावं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज लिहवत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लिहितो. काल सकाळी प्रज्ञा आली. डॉक्टरांचं म्हणणं, पहिला रिपोर्ट आणि दुर्बीण जुळत नाही, म्हणून परत एक बाटली द्या. परत बाटली म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "अगं काय जुळणार त्यात? बेसन होतं ते! मी बेसन भरलं होतं! तुमच्या त्या लॅबने बेसनात रक्त काढलं!"

प्रज्ञाने मला जे सुनावलं ते मी ऐकून घेतलं. पल्लवी वेगळी सुरू झाली. या सगळ्या गोंधळात वत्सला जमिनीवर बसली होती आणि हळूच म्हणाली, "बेसन मी फेकलं होतं."

कोणी ऐकलं नाही. तिने परत सांगितलं.

"मले दिसलं नं ते बेसन होय म्हनून. मी बाटली धुतली. अना माझं टाकलं. घरटी एकच होती, मंग कोनाचंबी गेलं तं काय होते म्हटलं. मले पाहाचं होतं."

प्रज्ञाने विचारलं, आत्या, काय पाहायचं होतं?

आठ महिने झाले रक्त जातं. आधी थोडं, मग जास्त. मूळव्याध समजली. भाची आपलीच, तिला कसं सांगायचं म्हणून सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण नवरा बाहेर बादली घेऊन ओरडत असतो. हे तिने नाही म्हटलं, हे मी म्हणतोय. ब्लाउज तिने तीनदा आवळून शिवले. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, बाई बारीक झाली, बरं झालं. पांढरी साडी का नको म्हणाली तेही काल कळलं. एकतीस वर्षं मी गावात कुठे लाइन गळते ते नुसतं जमिनीला कान लावून सांगायचो. माझ्याच घरात मला ऐकू आलं नाही. मी मूर्ख माणूस आहे.

मी विचारलं, रिपोर्ट आला तेव्हा का नाही बोलली? म्हणाली, "तुमी जाऊन या म्हटलं आधी. कसं राहते, काय करते, थे समजन, मंग आल्यावर सांगीन म्हटलं मी. तुमी आले अना…"

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे.

मी म्हटलं, अकरा तारखेला परत तो डॉक्टर येतो, आपण जाऊ.

"मी नाही जात. मरन आलं तं घरात येऊ द्या. सहा जनाइच्या हाताखाली नाही."

८ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर सांगून घसा बसला. मी झोपलो होतो. चादर होती. सिस्टर होती. कोणी धरलं नाही. काही म्हणता काही दुखलं नाही.

"आता मले न्यासाठी बोलून राहिले तुमी."

रोशनने सांगितलं. त्याला म्हणाली, तू कुठं आत होता? नव्हताच, बाहेर मोबाइल पाहत होता. पल्लवी रडली, तर हीच तिला समजावत बसली. वैशाली सिस्टरला फोन लावून दिला, पाच मिनिटं हूं हूं केलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, "चांगली हाय पोरगी. पन त्याइचं कामच हाय तसं बोलाचं."

खोटं बोललो तर सगळ्या गावाने एका दमात मानलं. खरं बोलतोय तर घरातली एक बाई मानत नाही. आता काय डोकं आपटू भिंतीवर?

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी गुणवंताकडे गेलो. म्हटलं लीलाबाईचं ती ऐकते, लीलाबाईने समजावलं तर येईल. लीलाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी काय सांगू भाऊ तिले? तुमीच तं सांगतलं होतं माह्यासमोर. आमी दोघं नवराबायको तुमच्यासंगं ठरवून खोटं बोलतो म्हनन थे."

मग काय उरलं होतं? टपरीवर गेलो. सात-आठ जण होते, गुणवंता माझ्यामागेच आला. मी बसलो नाही. उभ्याउभ्या सांगितलं, मी खोटं बोललो. मला कोणी धरलं नाही. सुई दिली होती. मी झोपलो होतो, घोरत होतो, उठल्यावर चहा-बिस्किट खाल्लं. नळी बोटाएवढी असते आणि तीही मी पाहिली नाही.

आधी कोणाला समजेना. मग हसायला लागले. दादारावच्या हातातून गाळणी पडली. एकजण म्हणाला, "म्हनजे शालिकरामनं झोपेत गोटमार खेळली!" गुणवंता हसला नाही. तो म्हणाला, "कायले सांगितलं बे? कोनाले माहीत होनार होतं?" मी म्हटलं, घरी सांग वहिनीला. जसंच्या तसं सांग, लोक कसे हसले तेही सांग.

माझ्या वयाच्या माणसाला एवढी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

दुपारी लीलाबाई येऊन गेली. मी मागच्या खोलीत पडून होतो. ती गेल्यावर वत्सला आत आली, दाराशी उभी राहिली.

"टपरीवर बोलले तुमी?"

"हो."

"गुनवंताभाऊ होते?"

"होता."

"अना सारे हासले?"

"अजून हसत असतील."

ती खाटेच्या कडेला बसली. "मंग खरं असन," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "थे पानी एकदम पेवा लागते का थांबून थांबून?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दोन लिटर पाणी तिने आवाज न करता प्यायलं. मी ग्लास भरून देत होतो. मी दर ग्लासाला शिव्या दिल्या होत्या. ती म्हणाली, लिंबू चांगलं लागते. संडासच्या बाहेर मी आज स्टूल टाकून बसलो आणि कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सौंसरला नऊला पोहोचलो. वैशाली सिस्टरने तिला ओळखीच्यासारखं आत नेलं. चादर, पडदा, सगळं मी सांगितलं तसंच. वत्सलाने चादरीतून माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे यात तरी तुम्ही खरे निघाले.

मग सिस्टर बाहेर आली आणि मला बाजूला घेतलं. काकूंचं रक्त फार कमी आहे, बीपीही कमी आहे, झोपेचं औषध पूर्ण देता येणार नाही, त्यांना थोडं जाणवेल. शपथेवर सांगून आणलं होतं तिला. मी आत जाऊन म्हटलं, वत्सला, आज राहू दे, रक्त चढवून पुढच्या खेपेला येऊ. मी म्हटलं ते तुझ्यासाठी खरं होणार नाही.

ती म्हणाली, "सिस्टरनं सांगतलं मले. आता इथवर आली नं मी. तुमी बाहीर बसा."

बाहेर बाकावर बसलो. बाजूला तीन बायका नंबर लावून, त्यातली रामाकोना गावाकडची एक सारखी पदराने घाम पुसत होती. दाराआडून काही आवाज येत नव्हता. मला वाटलं, झोप लागली असेल. मग सिस्टरचा आवाज आला, "डॉक्टर, थांबा." परत थोड्या वेळाने, जरा मोठ्याने, "डॉक्टर, थांबा म्हटलं नं." मी उठून उभा राहिलो. आत जाता येत नव्हतं. दाराला हात लावून उभा राहिलो.

नंतर सिस्टरने सांगितलं. काकूंनी हात वर केलाच नाही. पायाची बोटं आवळली, ती तिने पाहिली. जन्मात कधी कोणापुढे हात वर केला नाही त्या बाईने, तिथे कुठून करणार?

डॉक्टरांनी मला बोलावलं. डाव्या बाजूला वळणावर गाठ आहे. तुकडा तपासायला घेतलाय. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. दिसण्यावरून पसरलेली वाटत नाही, पण रिपोर्ट आल्याशिवाय ठाम सांगणार नाही. आणखी सहा महिने काढले असते तर अवघड होतं, म्हणाले. मी हो हो केलं. मला रडू आलं ते तिथेच पुसलं.

वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं." खालच्या ओठावर दाताचे दोन डाग उमटले होते, रक्त आलं होतं.

थोड्या वेळाने तिला धरून बाहेर आणलं. ती रामाकोन्याकडची बाई आता पिशवी उचलून घरी जायला निघाली होती. आम्हाला पाहून थांबली. "काकू," तिने विचारलं, "लय दुखते का वो?"

वत्सला माझा हात सोडून सरळ उभी राहिली. ओठ पदराने पुसला.

"नाही माय. थे पोरगी हाय नं आत, थे झाकून ठेवते, काही वाटू देत नाही. डोळा लागून जाते."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तर घोरत होतो."

तिने पिशवी बाकावर ठेवली आणि आत गेली.